भरून आणलेलं इंटरनेट

"बाई, बुलडाण्याले जाऊन राह्यलो. तुमच्यासाठी काही भरून आणू का?"

दर मंगळवारी सकाळी माझे घरमालक माझ्या खोलीच्या दाराशी येऊन असं विचारायचे. मी नाशिककडची, धामणगाव बढ्याच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच आलेली. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारबा रॉकेलबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "नको काका, आहे माझ्याकडे." त्यावर त्यांचे डोळे केवढे तरी मोठे झाले. "तुमच्याकडं हाये? कुठून भरलं?" मग दोन्ही बाजूंनी बराच खुलासा झाला आणि मला कळलं, की काका भरून आणतात ते इंटरनेट.

त्या भागात बीटी कापसाची सरकी नवीनच येऊ लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. गावात इंटरनेट नव्हतं. वीज यायची तीही घाईतल्या पाहुण्यासारखी, चहा होईपर्यंत थांबली तर थांबली. पण काकांकडे एक यंत्र होतं. परदेशातल्या मुलाने स्वतःसाठी नवं घेतल्यावर जुनं त्यांना पाठवून दिलेलं. तळहाताएवढं, करड्या-हिरव्या काचेचं, खाली चार बटणं आणि पाठीत खोचलेलं प्लास्टिकचं बोटभर पेन. साहेब लोकांनी त्यात फोन नंबर आणि भेटीच्या वेळा ठेवाव्यात, म्हणून ते बनवलेलं. काकांना भेटायला कुणी वेळ ठरवून येत नसे. ओट्यावर आलं की भेट झाली. त्यामुळे ते यंत्र बरेच दिवस नुसतंच गादीखाली पडून होतं.

मग कुठून तरी त्यांना कळलं, की हे यंत्र त्याच्याबरोबर आलेल्या तारवाल्या बैठकीत, म्हणजे त्याच्या पाळण्यात, ठेवून इंटरनेटच्या कॉम्प्युटरला जोडलं, की आपण सांगू ती पानं त्यात उतरतात. नंतर तार नको, फोन नको. विहिरीवर घागर भरावी आणि घरी आणून प्यावी, तशी ती कुठेही बसून वाचता येतात. पाळणा टॉवेलात गुंडाळून काका बुलडाण्याच्या सायबर कॅफेत गेले. कॅफेवाल्याने आपल्या कॉम्प्युटरला ते जोडू द्यायला साफ नकार दिला. काकांनी वाद घातला नाही. मंगळवारामागून मंगळवार ते त्याच्या दुकानात नुसते बसून राहिले, कुणी विचारलं तर "वाट पाहून राह्यलो" म्हणायचे. शेवटी कंटाळून त्याने कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर त्यांना दिला.

गावात त्यांना सगळे तारबाबू म्हणत. सगळी नोकरी पोस्टाच्या तारखात्यात गेलेली. ठेंगणी मूर्ती, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि सतत हलणारी उजव्या हाताची दोन बोटं. कडकट्ट, कडकट्ट. ओट्यावर, पेल्यावर, बसच्या समोरच्या सीटच्या दांड्यावर त्यांची बोटं तारा पाठवत असत. जेवताना ताटाच्या कडेवर टकटक झाली, की काकूंच्या कपाळाला आठी पडायची. इतक्या वर्षांत काकूंना ती लिपी चांगली कळू लागली होती, पण त्या कबूल करत नसत. मला एकदा म्हणाल्या, "भाजीत मीठ नाई म्हून राह्यले. तोंडानं सांगतीन तर वाढीन."

काकूंच्या बाबतीत काकांची एकच तक्रार होती. सेल बदलताना त्या शिंकतात. त्या यंत्रातला सगळा मजकूर सेलच्या जोरावर जगायचा. जुने सेल काढून नवे घालायला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लागला, की सगळं पुसलं जाणार. म्हणून सेल बदलणं हा घरात एक विधी असे. दारं लावायची, पंखा बंद करायचा, काकूंनी तबकात नवे सेल घेऊन उभं राहायचं, मी घड्याळाकडे बघायचं. काका श्वास रोखून झाकण उघडत. सेल आत जाऊन काच उजळली, की "पोचली" असं पुटपुटून खाली बसत. पुढचा तासभर त्यांना चहाशिवाय काही सुचत नसे.

त्या काचेवर लिहायची एक वेगळीच अक्षरं होती. प्रत्येक अक्षर पेन न उचलता एका फटकाऱ्यात काढायचं, म्हणजे यंत्राला कळतं. काकांना ती इतकी आवडली, की ते कागदावरही तसंच लिहू लागले. बँकेने त्यांची स्लिप परत केली. "सही जुळत नाही" म्हणणाऱ्या कारकुनाला त्यांनी ऐकवलं, "सही सुधारली हाये. तुमची नजर जुनी हाये." मग पुढे बराच काळ बँकेत काकू जात.

हे सगळं ऐकून त्यांना यंत्रांचं वेड होतं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. टीव्ही ते बघत नसत. सायबर कॅफेतल्या मोठ्या पडद्याकडे तर ते पाठ करूनच बसत. त्यावर लुकलुकणाऱ्या जाहिराती, उड्या मारणारी चित्रं, लाल-पिवळे चौकोन. "हा इंटरनेट नाही बाई, जत्रा हाये," ते म्हणत. त्यांच्या यंत्रात यातलं काही येत नसे. चित्रं गळायची, रंग गळायचे, उरायचा तो काळ्या अक्षरांचा मजकूर. ते काच माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "हे पाह्य. नुसतं सांगणं. दुसरं काही नाही."

त्यातून त्यांनी आणखी एक युक्ती काढली होती. यंत्राची जागा थोडी. एकेक पान किती लांब आणायचं, ते आधी ठरवून देता येई. काकांनी ते अगदी कमी करून ठेवलं, म्हणजे एका खेपेत जास्त पानं मावतात. बुलडाण्याची खेप म्हणजे राजूरचा घाट चढून जायचं आणि उतरून यायचं, त्यात अख्खा दिवस. घागर जेवढी भरता येईल तेवढी भरावी, हा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, "मग पुढचं राहतं ना काका?" ते हसले. "मुद्दा पह्यल्या चार ओळीत येते. माणूस पैसे मोजून शब्द लिहायला लागला की समजते त्याले, बाकी सारा पाल्हाळ असते." जन्मभर तारा पाठवलेल्या माणसाशी या विषयावर मी काय बोलणार?

संध्याकाळी वीज गेली, की ओट्यावर माणसं जमू लागत. काका मधे बसत. यंत्राचं बटण दाबून धरलं की काच हिरवी उजळायची आणि त्या उजेडात त्यांचं नाक तेवढं दिसायचं. मजकूर सगळा इंग्रजीत. काका मनात वाचत आणि आपल्या बोलीत सांगत. पावसाचा अंदाज, कुठल्या तरी दूरदेशीच्या बाजारातला रुईचा भाव, क्रिकेट. सामना कधीच संपलेला असे, निकाल रेडिओवरून सगळ्यांना ठाऊक असे, पण काका तो पहिल्या षटकापासून सांगत आणि मधेच कुणी "हारले ना बे" म्हटलं तर यंत्र बंद करून बसत. मग त्या माणसाला इतरांच्या शिव्या खाव्या लागत. राशिभविष्याचं पान आलं तरी ते वाचत नसत. "ज्याची तार त्यानंच वाचावी," एवढंच म्हणत.

वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. पाऊस येणार असो की नसो. मी एकदा कारण विचारलं, तेव्हा ते जरा वेळ बोटं वाजवत बसले.

"बाई, तारशिपाई रजेवर असला की तार मीच घेऊन जावो," ते म्हणाले. "मले गल्लीत पाह्यलं की बाया पदर तोंडाले लावत. तार उघडायच्या आधी लोक माह्यं तोंड वाचत. म्हणून कोरं ठेवायची सवय लागली. पोराचं बारसं असलं तरी आधी रडारड होऊन जायची. तीस-पस्तीस वर्षं कोणाच्या दारात मी आवडीचा नव्हतो." मग ओट्याकडे हात करून म्हणाले, "आता पाह्य. वाट पाहतात."

मला त्यांची गंमत वाटायची ती त्या दिवशीपासून थोडी कमी झाली आणि माया जास्त वाटू लागली. शिळ्या बातम्यांची घागर घेऊन हा माणूस घाट चढतो-उतरतो तो कशासाठी, हे मला समजलं होतं.

ओट्यावर येणाऱ्यांत सकीनाबी एकटीच बाई. गावोगाव फिरून बांगड्या भरायची, माझ्याही हातात तिनेच भरलेल्या असत. नवरा वारल्यावर तीन एकर वावर ती स्वतः कसायची. खालचा तुकडा नाल्याकाठचा, काळा, भारी. वरचा बरड, हात घातला तर मुरूम लागणारा. खाली ती कापूस लावी आणि वर ज्वारी नि तूर. तिच्या घरातली वर्षाची भाकर त्या बरडातून यायची. भावात तिच्याशी कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. कुणावर चटकन विश्वास ठेवणारी तर ती मुळीच नव्हती, पण तारबाबूंचा शब्द तिच्यासाठी शेवटचा असे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नाशिकला गेले होते. मागे काय झालं ते मला परत आल्यावर काकूंनी सांगितलं.

"सारा गाव बीटी-बीटी करून राह्यला होता," काकू म्हणाल्या. "दुकानदार एक सांगे, सोयरा दुसरंच सांगे. लोक म्हने, तारबाबू, तुमच्या इंटरनेटाले पुसा. मंग हे गेले, बीटीचं पान भरून आनलं. अन् त्या दिवशी ओट्यावर पाय ठेवाले जागा नव्हती बाप्पा!"

काकांनी पान वाचलं. या सरकीच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, बोंडअळी जगत नाही, फवारे कमी लागतात, बोंडं भरपूर धरतात. अगदी स्पष्ट, सरळ मजकूर. परिच्छेद पूर्णविरामावर संपला, खाली कोरी काच. काकांनी पेन पाठीत खोचलं, म्हणजे वाचन झालं. आणि मृगाचा पाऊस पडल्यावर सकीनाबीने आयुष्यात पहिल्यांदाच वरच्या बरडावरही ज्वारी न पेरता बीटीची सरकी टोबली. तिचं बघून आणखी काही जणांनी तेच केलं.

मी परतले तेव्हा वावरं दोन-दोन पानांवर आली होती. काका मला मुद्दाम तिच्या बांधावर घेऊन गेले. हिरव्यागार ओळी बघताना त्यांची बोटं आनंदाने नुसती उडत होती. "इंटरनेट उगवलं, बाई," ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी मला भावाची मेल बघायची होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर बुलडाण्याला गेले. काका नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून, पाळण्यातल्या यंत्राकडे लक्ष ठेवून बसले. माझं काम आटोपलं होतं आणि वेळ उरला होता. काकांनी एवढं कौतुकाने सांगितलेलं ते बीटीचं पान आपणही बघावं, म्हणून मी ते उघडलं. जाहिरातींच्या मधून वाट काढत वाचलं. बोंडअळीचं आलं, फवाऱ्याचं आलं, बोंडांचं आलं. मग मी पान खाली सरकवलं. तिथे तेवढंच आणखी होतं.

"काका," मी म्हटलं, "हे खालचं तुम्ही वाचलं होतं?"

"खालचं कोणतं?"

ते वळले, चष्मा काढून पुन्हा लावला आणि ज्या पडद्याला ते जत्रा म्हणायचे त्याच्याजवळ तोंड नेऊन वाचू लागले. हे वाण भारी जमिनीत, पाण्याची सोय असेल तर घ्यावं. हलक्या, उथळ जमिनीत नुसत्या पावसाच्या भरवशावर घेऊ नये. बोंडं एकदम लागतात, तेव्हा ओल पुरत नाही, झाड थकतं, पानं लाल पडतात आणि बोंडं पोसत नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. पुन्हा वर जाऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या बोटांची टकटक थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"जागा वाचवली ना मी," एवढंच ते म्हणाले.

घाट उतरताना बसमध्ये मी समजूत घालायला म्हटलं, की पाऊस चांगला झाला तर काही होणारही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीतून बाहेर बघत बसले. धामणगावला उतरल्यावर ते घराकडे वळलेच नाहीत, सरळ सकीनाबीच्या गल्लीत शिरले. मी मागोमाग.

ती दारातच बांगड्यांचे जोड लावत बसली होती. काकांना बघून उठली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं, बाबूजी? तुमचं तोंड काऊन असं झालं?"

काका उभ्याउभ्याच बोलले. पान अर्धंच आलं होतं. अर्धं मी वाचलं. उरलेलं असं असं आहे. बरडावर ही पऱ्हाटी टिकायची नाही, लाल्या येईल. अजून ज्वारी-तुरीची वेळ गेलेली नाही. चूक माझी आहे, यंत्राची नाही.

सकीनाबीने हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "एकदा तुमच्या सांगन्यावर टोबलं, बाबूजी. आता तुमच्याच सांगन्यावर उपटू?"

सरकीची थैली काही भाजीच्या बियासारखी स्वस्त नव्हती. वावर हिरवंगार उभं होतं. उपटलं आणि पाऊस धो धो झाला, तर हातचा कापूस गेला. नाही उपटलं आणि पाऊस ओढला, तर वर्षाची भाकर गेली. आणि सांगणारा कोण, तर ज्याने आधीच एकदा चुकीचं सांगितलं तो.

"मी सांगत नाही," काका शेवटी म्हणाले. "सांगायचा हक्क गेला माह्या. तू स्वतः चाल अन् पाह्य."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या बसने निघालो. कॅफेत कॉलेजची पोरं बसली होती. बांगड्यांची पिशवी मांडीवर घेऊन सकीनाबी पडद्यासमोर खुर्चीत बसली तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. तिला उर्दू वाचता येई, इंग्रजी नाही. ती मला म्हणाली, "बाबूजींनी नाई वाचाचं. तुमी वाचा, बाई. हे चूप बसतीन." काका भिंतीशी स्टुलावर गुपचूप बसले.

मी वाचत गेले, सांगत गेले. "हलकी, उथळ जमीन" आल्यावर तिने मला थांबवलं. "म्हंजे बरडच ना?" मी म्हटलं, "बरडच." "पुना वाचा." मी पुन्हा वाचलं. मजकूर संपला तेव्हा ती म्हणाली, "अजून खाली काय हाये?" मी म्हटलं, खाली कामाचं काही नाही, पान कुणी तयार केलं आणि अभिप्राय कुठे पाठवायचा एवढंच आहे. "तेही वाचा," ती म्हणाली. मी तेही वाचलं. तळाला पान आणखी सरकेना, तरी तिने माझ्याकडून माउस घेऊन स्वतः एकदा ओढून बघितलं. मग पिशवी उचलून उठली.

घाटात बस वळणं घेत असताना ती आपणहून बोलली. "खालचं राहू देईन. वरचं उपटीन."

काकांनी मान हलवली.

उपटायला काकाही गेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जन्मात कधी वावरात वाकले नव्हते ते. धोतराचा काचा मारून सकीनाबीच्या दोन मजूर बायांच्या रांगेत ते ओणवे झाले आणि एकेक रोप असं हलक्या हाताने काढू लागले, की बाया म्हणाल्या, "बाबूजी, अशानं दिवाळी येईन." बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांची करमणूक झाली. "तारबाबूची तार वापस आली," असं कुणी तरी ओरडलं. काका वाकलेलेच राहिले. दुपारी काकू भाकरी घेऊन आल्या, त्यांच्या सोललेल्या बोटांना हळद लावली आणि शेजारच्या बांधाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चुकला माझा मानूस. पन आला ना उपटाले?" काकूंना मी असं भर वावरात त्यांची बाजू घेताना पुन्हा पाहिलं नाही. घरी आल्यावर त्याच तोंडाने त्यांनी काकांची खरपूस कानउघाडणी केली.

ज्यांनी सकीनाबीचं बघून बरडावर लावलं होतं, त्यांच्याही दारात काका गेले. बहुतेकांनी हसून घालवलं. आणि नेमका त्यानंतर पाऊस असा काही छान लागला, की लोकांनी सकीनाबीच्या बरडाकडे बोट दाखवून तिला तोंडावर वेडी ठरवलं. ती ऐकून घ्यायची आणि बांगड्या विकायची.

काकांनी मात्र यंत्राचे सेल काढून ठेवले. बदलायला नव्हे, नुसतेच काढले. आत होतं ते सगळं पुसलं गेलं आणि ते यंत्र पुन्हा गादीखाली गेलं. मंगळवारी माझ्या दाराशी कुणी यायचं बंद झालं. संध्याकाळी सवयीने माणसं ओट्यावर येत, इकडचं तिकडचं बोलत आणि उठून जात. काका आत काळोखात बसून राहत. मी एकदा म्हटलं, "काका, आता पानं पूर्ण आणा म्हणजे झालं." ते म्हणाले, "चुकलेली तार दुसऱ्यांदा पाठवता येते, बाई. पाठवणारा बदलावा लागते."

मग पोळ्यानंतर पावसाने हात आखडला. कुणाच्या बरडावरची पऱ्हाटी तांबडी झाली, कुणाला नाल्याच्या ओलीने हात दिला, कुणाचं निम्मं हातचं गेलं. सकीनाबीच्या खालच्या तुकड्यात बोंडं चांगली फुटली. वरच्या बरडावर ज्वारी उभी होती, बेताचीच, पण खाण्यापुरती होईल अशी, आणि मधल्या ओळींत तूर फुलाला आली होती. त्याबद्दल ती कुणाशी काही बोलली नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ती ओट्यावर आली. वीज गेलेलीच होती, आठ-दहा माणसं बसली होती. तिने बांगड्यांच्या डब्यातून दोन सेल काढले आणि आत जाऊन काकांच्या समोर ठेवले.

"उद्या मंगळवार हाये," ती म्हणाली. "जा अन् भरून आना."

"मी आता वाचत नाही, सकीना."

"काऊन?"

"चुकलो ना मी."

"हाव, चुकले," ती म्हणाली. "माह्यं वावर उपटाव लागलं, मले मालूम नाई का? पन बाबूजी, सरकी इकनारा कवा पलटून आला का माह्या दारात, का बाई, मी अर्धंच सांगतलं म्हून? कंपनीवाला आला? सायब आला? तुमी बसमधून उतरले अन् घरी पानी प्याले बी गेले नाई. सीधे माह्या दारात आले." तिचा आवाज जरा चढला होता. "न चुकनारा मानूस मले कुठी भेटन? चुकल्यावर येनारा एकच हाये गावात. तो बी असा अंधारात बसून राह्यला तर मंग आमी कोनाचं आयकाव?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी काकांनी हात पुढे करून सेल उचलले.

मंगळवारी ते बुलडाण्याला जाऊन आले. आधी एका खेपेत पानांची चवड आणत, या वेळी मोजकीच आणली, पण शेवटापर्यंत. संध्याकाळी काच हिरवी उजळली. त्यांनी पावसाचं सांगितलं, रुईचा भाव सांगितला, तुरीवरच्या अळीचं एक लांबलचक पान सावकाश सांगितलं. पाल्हाळासकट. मग ते पेन पाठीत खोचणार, तेवढ्यात सकीनाबीने हात पुढे केला.

"आना इकडं."

काकांनी यंत्र आणि पेन तिच्या हातात दिलं. एक अक्षरही तिला कळत नव्हतं. तिने पेनाचं टोक काचेच्या कडेला टेकवलं आणि पान खाली ओढत नेलं, ओढत नेलं, पुढे सरकेनासं झालं तरी एकदा दाबून बघितलं. सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

"हाव," ती म्हणाली. "सरलं. उठा आता."

मी त्या गावात होते तोवर रोज असंच चाललं. काकांचं वाचून झालं, की ते स्वतःच यंत्र तिच्यापुढे धरायचे, आणि सकीनाबीने तळ बघितल्याशिवाय ओट्यावरून कुणी उठायचं नाही.